थिएटरात एकच माणूस बोलतो

४ जानेवारी, सोमवार

आजपासून विभागप्रमुख. दारावरची पाटी सकाळीच बदलली. सुताराने एक स्क्रू वाकडा मारला होता, तो काढून पुन्हा मारायला लावला. तो पुटपुटत होता. पुटपुटू दे.

ही वही उगाच लिहायला घेतलेली नाही. पुढेमागे माझ्या कामाबद्दल कुणी लिहायला बसलंच, तर ऐकीव गप्पांवर त्याने विसंबून राहू नये. माझ्या पाठीमागे काय बोलतात ते मला ठाऊक आहे. तापट, आडमुठा, वाघोबा. त्यातलं वाघोबा मला आवडलं.

ऑपरेशन थिएटरातला नियम आज सगळ्यांना नव्याने सांगितला. माझ्या थिएटरात एकच माणूस बोलतो. मी विचारलं तर उत्तर द्यायचं, तेही एका शब्दात. भाजीबाजारात बसून हृदय शिवता येत नाही. एवढं सांगून झालं, आणि दुपारच्याच केसमध्ये माझ्या हाताखालची डॉक्टर, गेली काही वर्षं टेबलाच्या पलीकडे उभी राहून माझंच बघून शिकलेली, मला म्हणते, "सर, मागच्या बाजूला थोडं पाझरतंय का?" म्हणजे प्रश्न मला! हातातलं हत्यार खाली ठेवायला लावलं आणि छाती बंद होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं केलं. पाझरत होतं खरं, पण ते मला दिसणारच होतं. नंतर हात धुताना म्हटलं, आजपासून तुझं नाव मुकी. सगळे हसले. तीही हसली. खेळकर आहे तशी.

९ जानेवारी, शनिवार

विद्यार्थ्यांचं लेक्चर. विषय माझा लाडका: हार्ट-लंग मशीनमुळे उठणारा दाह. पोरं पेंगत येतात, म्हणून साध्या भाषेत सांगतो. हृदय शिवायचं तर ते थांबवावं लागतं, आणि तेवढा वेळ अंगातलं सगळं रक्त नळ्यांतून बाहेर काढून पंपाने फिरवावं लागतं. जन्मापासून आपल्या शिरांबाहेर पाऊल न टाकलेलं ते रक्त. त्याला एकदम प्लास्टिक लागतं. शरीराचे सगळे पहारेकरी खडबडून उठतात. चोर चोर म्हणून धावतात, चोर तर सापडत नाही, मग घरातल्यांनाच झोडपतात. कुंपणच शेत खायला लागतं. फुप्फुसं भरतात, तोंड सुजतं, शिरा सैलावतात आणि प्रेशर कोसळतं.

म्हटलं, एक गोष्ट पाठ करा. प्रेशर खाली आणि हात गरम, तर तो दाह. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं, सर, आणि हात गार असले तर? म्हटलं, मग बाई, हृदयाभोवती रक्त साचून त्याला चेपतंय. छाती उघडा, बापजादे आठवत बसू नका. वर्ग हसला. असा विषय शिकवणारा दुसरा कोणी आणून दाखवा.

या दाहावर मी उतारा काढलाय. पंप सुरू करायच्या आधी दाह दाबणाऱ्या औषधाचा एक मोठा डोस आणि पंपाच्या वाटेवर एक बारीक गाळणी. आतापर्यंत ज्यांना ज्यांना दिला ते चालत घरी गेले. टपालखात्यातल्या एक बाई गेल्या, पण त्यांचं मूत्रपिंड आधीच कामातून गेलं होतं, म्हणून त्यांना आकड्यांत धरलेलं नाही. यावर आमचा अंगाईवाला कुरकुरला. अंगाईवाला म्हणजे आमचा भूल देणारा डॉक्टर. कॉलेजपासूनचा मित्र, त्यामुळे तोंड सुटलेलं. म्हणाला, बाईंना पण धर की, मेल्या म्हणून वगळतोस होय? मी म्हटलं, तू लोकांना झोपव, मला जागं करू नकोस.

१६ जानेवारी, शनिवार

दादाच्या छातीत दुखतंय. महिनाभर दुखत होतं म्हणे, जिना चढताना. वहिनींना बोलला नाही, मला बोलला नाही. कुणाला गाडी शिकवताना गाडीतच घाम फुटला, तेव्हा शिकायला आलेल्या बाईनेच गाडी चालवत त्याला आमच्याकडे आणून टाकला. तिला अजून लायसन्स नाही! दादा स्ट्रेचरवरून तिला म्हणत होता, छान आणलीत, फक्त वळताना घाई करता.

दादा गाडी शिकवतो. अर्ध्या गावाने स्टिअरिंग त्याच्या शेजारी बसून धरलं असेल. त्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, त्यावर पाय ठेवून जन्मभर लोकांच्या चुका पोटात घालत बसला. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. दादा कॉलेज सोडून कामाला लागला, म्हणून मी शिकलो. हे त्याने आजवर एकदाही बोलून दाखवलेलं नाही. त्याची हीच एक खोड मला सहन होत नाही.

फोटो काढले. तीन रक्तवाहिन्या बुजल्यात. बायपास करावी लागणार.

अंगाईवाल्याने मला बाजूला घेतलं. घरच्याची छाती घरच्याने उघडू नये, जुन्या सरांना सांगू या, असं त्याचं म्हणणं. जुने सर म्हणजे माझ्या आधीचे प्रमुख, माझे गुरू. निवृत्त झाले तरी आठवड्यातून दोनदा येऊन बसतात. मी म्हटलं, सरांचा हात चांगला होता, आता वय झालं. तो म्हणाला, हात नाही रे, मन. तुझं मन थाऱ्यावर राहणार नाही. उंटावरचे शहाणे कमी होते, त्यात मित्राची भर.

तरी दादाला विचारलं. तो म्हणाला, "माझा भाऊ एवढा मोठा डॉक्टर, आणि मी परक्यापुढे जाऊन पडू? लोक तुला हसतील, छोट्या." विषय संपला. वहिनीही तेच म्हणाल्या. भावोजी, तुम्हीच करा, म्हणजे मला झोप लागेल.

बरं वाटलं. का लपवू?

२० जानेवारी, बुधवार

उद्या सकाळी दादाची केस. दुपारी वॉर्डात गेलो तर हा कॉटवर मांडी घालून दरबार भरवून बसलेला. झाडूवाल्याला ट्रॉली मागे कशी घ्यायची ते शिकवत होता. शेजारच्या म्हाताऱ्याला त्याने पेरूवरून काहीतरी चावट विनोद सांगितला होता, म्हातारा टाके सांभाळत हसत होता. इतकी वर्षं मी या वॉर्डात येतोय, मला पाहून कुणी हसलेलं आठवत नाही. पण मी हसवायला येत नाही, म्हणून ते घरी जातात.

अंगाईवाला तपासायला आला तर दादा त्याला म्हणतो, उद्या तुमच्याही पायाखाली ब्रेक आहे ना? तो म्हणाला, आहे, पण तुमचा भाऊ दाबू देत नाही. दोघं खो-खो हसले. माझ्यादेखत.

सगळे गेल्यावर दादा म्हणाला, "तुझी माणसं तुला घाबरतात रे." मी म्हटलं, त्यालाच शिस्त म्हणतात. तो म्हणाला, शिकणारा घाबरला ना, की त्याला समोर खड्डा दिसला तरी तो सांगत नाही, गुमान त्यात गाडी घालतो. गाडी आणि हृदय यांत फरक आहे, हे त्याला कोण सांगणार. पालथ्या घड्यावर पाणी. मी मान डोलावली आणि त्याची उशी नीट केली.

डोसाचं आणि गाळणीचं त्याला काही सांगितलं नाही. घरच्या माणसाला काय सांगायचं? उगाच शंभर प्रश्न विचारत बसला असता. बैठकीत आकडे मांडायच्या वेळी माझा सख्खा भाऊच माझ्या शेजारी उभा करीन, धडधाकट. मग बघू कोण काय बोलतं ते.

२१ जानेवारी, गुरुवार

झालं. सुरेख झालं.

छाती उघडताना काही वाटलं नाही, असं लिहिणार होतो. वाटलं. दादाच्या छातीवर डावीकडे एक जुना व्रण आहे, लहानपणी माझ्या हातून गरम किटली उडाली होती त्याचा. त्यावर औषध फासलं, कापड टाकलं, व्रण झाकला, मग हात स्थिर झाला. त्यानंतर ती फक्त छाती होती.

थिएटरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. डोस दिला. पंपवाल्याने गाळणी जोडली. तिन्ही जोड पहिल्या झटक्यात बसले. हृदय पुन्हा सुरू करायला विजेचा झटकाही लागला नाही, आपणहून फडफडलं आणि लागलं कामाला. दादासारखंच, कुणी सांगायची वाट बघत नाही.

छाती बंद करताना मुकीने एकदा तोंड उघडलं. हृदयाच्या मागच्या अंगाला बघत होती. मी फक्त नजर वर केली. तोंड मिटलं, पुन्हा तोंडातून ब्र नाही. पोरगी तयार होतेय.

संध्याकाळी आयसीयूत दादाच्या छातीतल्या नळीतून बाटलीत रक्त जरा जास्त येत होतं. अंगाईवाला दोनदा सांगून गेला. पहिल्या दिवशी यायचंच. चेहरा सुजलाय, तोही सुजायचाच. वहिनींना बाहेर सांगितलं, उद्या डोळे उघडेल. त्यांनी माझा हात धरला आणि सोडेचनात.

२२ जानेवारी, शुक्रवार, सकाळ

नळीतलं रक्त थांबलं! बाटलीतली पातळी काल होती तिथेच. मी म्हटलं, बघा. तर आयसीयूच्या मोठ्या सिस्टर तोंड वाकडं करून म्हणाल्या, "सर, हळूहळू कमी झालं नाही, एकदम थांबलं." एकदम थांबलं! रक्त वाहिलं तरी यांची तक्रार, थांबलं तरी तक्रार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हटलं, सिस्टर, तुम्ही बाटल्या बघा, रोगाचं निदान मी बघतो. त्या गेल्या.

दुपार

प्रेशर उतरतंय. लघवी कमी झाली. मला आश्चर्य नाही. लेक्चरमध्ये सांगतो ते अक्षरशः समोर घडतंय. पहारेकरी उठलेत. माझ्या डोसानेही ते दबले नाहीत, म्हणजे दादाच्या अंगात दाह किती जबरदस्त असेल! प्रेशर वाढवायचं औषध चढवलं. डोस आणखी एकदा दिला.

अंगाईवाला आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "छाती उघडून बघू या." मुकी होती, सिस्टर होत्या. सगळ्यांसमोर! म्हणाला, हाताचं प्रेशर उतरतंय आणि मानेतल्या शिरेचं चढतंय, नळी गुठळीने बुजली असणार, रक्त आतच साचतंय. मी म्हटलं, सोनोग्राफी कर. केली. पट्ट्यांमुळे आणि नळ्यांमुळे धड काही दिसेना. मी म्हटलं, दिसत नाही म्हणजे नाही. तो म्हणाला, दिसत नाही म्हणजे दिसत नाही, एवढंच. शब्दाने शब्द वाढला. तो म्हणाला, परक्याचा पेशंट असता तर तू आत्तापर्यंत उघडला असतास. मी म्हटलं, परक्याचा असता तर तू एवढा जीव टाकला नसतास, तुला मी चुकलेला बघायचाय. कॉलेजपासून माझा नंबर याच्या वर. ते इतकी वर्षं पोटात होतं, ते आज बाहेर आलं.

त्याला या केसमधून काढलं. सही करून काढलं. मुकीला विचारलं, तुला काय वाटतं? एका शब्दात. तिचे ओठ पांढरे पडले होते. म्हणाली, "दाह." बघा. जी शिकतेय तिला दिसतं, आणि जो पिकलाय त्याला दिसत नाही.

वहिनींना थोडा वेळ आत सोडलं. त्यांनी दादाचा हात दोन्ही हातांत घेतला, चोळला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावोजी, यांचे हात बर्फासारखे झालेत." मी म्हटलं, एसी आहे वहिनी, इथे सगळ्यांचेच हात गार असतात. त्या शाल मागायला लागल्या. सिस्टरांनी शाल दिली आणि माझ्याकडे बघितलं. कसं बघितलं, ते लिहीत नाही. उद्या त्यांची बदली बघतो.

२४ जानेवारी, रविवार

दादा गेला. शुक्रवारी, दिवेलागणीला.

लिहायचं नव्हतं. पण नाही लिहिलं तर लोक आपल्या मनाने लिहितील.

माझ्या परस्पर अंगाईवाल्याने जुन्या सरांना फोन करून बोलावून घेतलं होतं. मी खोलीत होतो. आरडाओरडा झाला म्हणून धावलो, तर दादाचं हृदय थांबलेलं, आणि सर कोट न काढता कॉटवर वाकून टाके कापत होते. मी म्हटलं, सरका. सरांनी हातातली कात्री मला दिली. छाती उघडली आणि काळी गुठळी बाहेर आली, मुठीत मावणार नाही एवढी. ती काढली तसं हृदय दोनदा, तीनदा हललं. हातात धरून दाबत राहिलो. अंगाईवाला माझ्या शेजारी होता, औषधं भरत होता. दोघांनी मिळून किती तरी वेळ केलं. मग त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. मी झिडकारला. मग आणखी थोडा वेळ मीच केलं.

गुठळीबद्दल दोन दिवस विचार केला. माझी खात्री झालीय. दाह टोकाला गेला की रक्त गोठण्याची घडीच विस्कटते, मग नको तिथे वाहतं आणि नको तिथे गोठतं. म्हणजे मूळ दाहच. गुठळी हे नुसतं फळ. हे अंगाईवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, घरी जा, झोप.

मला दादा पाहिजे. एवढंच खरं आहे. बाकी शास्त्र.

२७ जानेवारी, बुधवार

सगळं उरकलं. त्याच्याकडे शिकलेली माणसं एवढी आली, की गल्लीत गाड्या लावायला जागा उरली नाही. सगळ्यांनी एकाला एक लागून सरळ रेषेत लावल्या होत्या.

संध्याकाळी वहिनींकडे बसलो. सगळं समजावून सांगितलं. रक्ताला प्लास्टिक लागतं ते, पहारेकरी उठतात ते, कुंपणाने शेत खाण्याचं. लेक्चरपेक्षा चांगलं सांगितलं. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मी म्हटलं, वहिनी, दादाला त्याच्याच शरीराने मारलं. तिथे माणूस काय करणार? त्या म्हणाल्या, "हात गार होते."

मी पुन्हा म्हटलं, एसी. त्या म्हणाल्या, मी सिस्टरांचा हात धरला होता शाल घेताना. त्यांचा गरम होता. मग म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही त्यांचा हात धरून बघितला होता का?"

हा काय प्रश्न झाला! एकेका पेशंटला आठ वायरी लावलेल्या असतात, पडद्यावर सगळं दिसतं. हात धरायला आम्ही काय ज्योतिषी आहोत? असं म्हणालो नाही, दुःखात आहेत. म्हटलं, तशी गरज नसते. त्या उठून आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. बराच वेळ बसलो. पाणी आणतील असं वाटलं होतं. मग आपला आपण निघालो. बायकांना कोणावर तरी राग काढावा लागतो, आणि जवळचा मीच. आपलेच दात, आपलेच ओठ.

३ फेब्रुवारी, बुधवार

विभागाची बैठक. महिन्यात जे गेले त्यांची चर्चा. दादाची केस दुसऱ्या कुणाला मांडू दिली असती तर चाललं असतं, पण मी स्वतः मांडली. लोक म्हणतील, छाती आहे माणसाची. मृत्यूचं कारण: पंपानंतरचा तीव्र दाह. उपचार योग्य. शिकायचं काय, तर पुढच्या वेळी डोस वाढवावा.

खोली भरलेली होती. सर आले होते. अंगाईवाला नव्हता, त्याने सोमवारीच राजीनामा दिला, गावाबाहेरच्या लहान दवाखान्यात चाललाय, तिथे फार तर दात काढायला भूल देईल. नाकापेक्षा मोती जड झाला होता, गेला ते बरं. मोठ्या सिस्टरांची बदली झालीच. पंपवाला मागे भिंतीला टेकून जमिनीकडे बघत उभा.

मी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय?

मी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. सर चष्मा पुसत होते. ते पुसतच राहिले. मी मुकीला मुद्दाम उभं केलं, कारण टेबलाच्या पलीकडे तीच होती. विचारलं, ऑपरेशनच्या वेळी तुला काही वावगं दिसलं होतं का? मोकळेपणाने सांग. ती उभी राहिली, टेबल धरलं आणि म्हणाली, "नाही, सर."

मग सगळ्यांनी सह्या केल्या. इतक्या लोकांत एकालाही हरकत घेता आली नाही, म्हणजे माझं म्हणणं किती पक्कं असेल. दादाबद्दल वाईट वाटतंच. पण त्याच्यामुळे हा दाह किती खोलवर जातो ते समजलं. पुढच्या किती तरी जणांना त्याचा उपयोग होईल. तो असता तर म्हणाला असता, छोट्या, माझा असा तरी उपयोग झाला.

नाही, असं तो म्हणाला नसता. काहीतरी चावट बोलला असता.

८ फेब्रुवारी, सोमवार

आज एक विचित्र प्रकार घडला. माणसं वरून कळत नाहीत हेच खरं.

दुपारी खोलीत होतो. दार वाजलं. मुकी. रडून रडून डोळे सुजलेले, हातात काही नाही, नुसती उभी. मला वाटलं, हीही सोडून चालली की काय. बस म्हटलं, बसेना. म्हणाली, सर, दादांचं ऑपरेशन संपताना, तुम्ही बंद करत होतात तेव्हा, मला मागच्या बाजूला... आणि पुढे हुंदकाच फुटला.

खरं सांगतो, मला भरून आलं. बैठकीत सगळे दगडासारखे बसले होते. सख्ख्या मित्राने पाठ फिरवली, वहिनी दार उघडत नाहीत, आणि ही परक्याची पोर माझ्या भावासाठी अशी रडतेय. मी उठून तिला पाणी दिलं. गेल्या कित्येक वर्षांत मी कुणाला पाणी दिल्याचं आठवत नाही. ती पुन्हा म्हणाली, नाही सर, तसं नाही, मला सांगायचंय, मी तेव्हाच बोलायला हवं होतं...

मी म्हटलं, "काही बोलू नकोस. मला सगळं समजलंय."

तिने माझ्याकडे बघितलं. असं माझ्याकडे फक्त पेशंटचे नातेवाईक बघतात, मी बाहेर येऊन तोंडावरचं फडकं काढतो तेव्हा. मला दोनदा विचारलं, खरंच समजलंय सर? मी म्हटलं, अगं, माझा भाऊ होता तो, मला नाही समजणार तर कुणाला? जे झालं ते झालं, त्याचं ओझं तू घेऊ नकोस. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. दादा माझ्या ठेवायचा तसा.

ती जमिनीवरच बसली. मग डोळे पुसले, तोंड धुतलं. उद्याच्या केसला माझ्यासमोर तूच उभी राहायचं, असं मी सांगितलं. बालवाडीच्या एक बाई आहेत, दोन रक्तवाहिन्या बुजल्यात. डोस वाढवून द्यायचा, तोही तिलाच सांगितला. बाईंचा नवरा सकाळपासून जिन्यात बसून आहे, त्याला म्हटलं, निर्धास्त राहा.

मुकीने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. जाताना दार आवाज न करता लावलं.